जुनी रिंग इंजिनलाच चिकटली होती

इंजिनचं ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून गाडी चालू केली आणि दोन मिनिटांत खाली थारोळं. लगेच इंजिन बंद केलं. फिल्टर नवा, नीट आवळलेला, मग गळती कुठून? काढून पाहिलं तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनच्या बैठकीलाच (फिल्टर जिथे टेकतो तिथे) चिकटून राहिलेली. दोन रिंगा एकावर एक. ऑइलचा दाब आला की सरकणारच.

जुनी रिंग नखाने ओढून काढली, बैठक फडक्याने पुसली, नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावलं. रिंग टेकल्यावर हाताने आणखी पाऊण फेरा, बस. पाना फक्त काढताना. (मागचा फिल्टर मीच पान्याने आवळला होता, सोडवताना घाम फुटला.)

फिल्टर घेताना मी पूर्वी आटे जुळतात का एवढंच बघायचो. पण रिंगेचा व्यास जुळायला हवा, आणि आत बायपास व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दाबही. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं की हा व्हॉल्व्हच उघडून इंजिनला ऑइल पोचवतो. म्हणून आता पुस्तिकेतला पार्ट नंबरच धरतो.

सांडलं तेवढं ऑइल भरलं, इंजिन चालवलं, थोडं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पाहिली. खाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा.