शोभेचं क्लोव्हर: ठाणे-नवी मुंबईच्या बागांसाठी रब्बी हंगामाचा सल्ला

बागेत लॉनऐवजी क्लोव्हर (जमिनीलगत पसरणारं तिपानी रोप) लावू का, अशी विचारणा सोसायट्यांकडून आणि बंगलेवाल्यांकडून हल्ली बरीच होते. रोपवाटिका चालवणाऱ्या बंधू-भगिनींनी गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं की आपल्या हवेत हे रब्बीचं पीक आहे. नोव्हेंबरात पेरावं, जानेवारी-फेब्रुवारीत त्याची शोभा पाहावी आणि मार्च सरताना काढून टाकावं. थंड प्रदेशात पांढरं क्लोव्हर वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्याला २० ते २५ अंशांची हवा मानवते. ठाण्याचा मे महिना त्याला सोसत नाही. मेमधून वाचलंच, तर अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला आपला पाऊस मुळं कुजवतो. ‘कायमचा हिरवा गालिचा’ म्हणून ते विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

क्लोव्हर हे मेथी, बरसीम (जनावरांचं चाऱ्याचं पीक) आणि वाल यांच्याच कुळातलं. शहापूर-मुरबाडकडे भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल टाकतात, तोच याचाही हंगाम. फक्त घाई करू नका. ऑक्टोबर हीटमध्ये पेरलेलं बी उगवतं, पण कोवळी रोपं दुपारच्या उन्हात करपतात. दिवाळीच्या सुमारास रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. रोपं विकायची असतील तर ऑक्टोबरअखेर शेडनेटखाली प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या खणांच्या ट्रेमध्ये, बी टाका. चार-पाच आठवड्यांत रोप लावणीजोगं होतं. खाडीकाठापेक्षा मुरबाडकडच्या रात्री गार असतात. तिथल्या शेतकऱ्याला हा जोडधंदा चांगला साधेल असं मला वाटतं.

जागा निवडताना मातीपेक्षा आधी पाणी तपासा. वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या खाडीलगतच्या भागात भरावाची जमीन आहे आणि अनेक बोअरवेलचं पाणी मचूळ लागतं. क्लोव्हरला खारेपणा अजिबात चालत नाही. पानांच्या कडा जळू लागल्या आणि कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर दिसला, तर खत वाढवून काही होणार नाही, पाणीच बदलावं लागेल. अशा ठिकाणी गोडं पाणी मिळत नसेल तर क्लोव्हरचा नाद सोडावा. येऊरच्या पायथ्याची लाल माती त्या मानाने सोपी, पण ती आम्लधर्मी असू शकते. माती परीक्षणात सामू (pH) ६ च्या खाली आला तर पेरणीआधी दोन-तीन आठवडे चुना मिसळा. पोडियमवरच्या, म्हणजे इमारतीच्या स्लॅबवर केलेल्या, बागेत मातीचा थर पातळ असला तरी चालतो, कारण या रोपाची मुळं उथळ असतात. मात्र निचऱ्याची भोकं मोकळी हवीत.

बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजाराहून जास्त दाणे. चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम पुरे होतं. चाळलेल्या कोरड्या वाळूत मिसळून निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेका, म्हणजे उगवण सारखी होते. वर अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त माती नको. फळीने हलकं दाबा आणि बारीक झारीने पाणी द्या. पाइपाच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जातं. पहिले दहा दिवस वरची माती सुकू देऊ नका, पुढे वाफसा (मातीतली बेताची ओल) पाहून पाणी द्या.

जिवाणू संवर्धकाकडे, म्हणजे बियाला चोळायच्या उपयुक्त जिवाणूंच्या पाकिटाकडे, फार थोडे लोक लक्ष देतात, आणि नेमकं तिथेच पीक घसरतं. क्लोव्हरच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले रायझोबियम हवेतला नत्र रोपाला पुरवतात. पण हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं पाकीट इथे उपयोगाचं नाही, त्यांचे जिवाणू क्लोव्हरच्या जिवाणूंपेक्षा वेगळे. बरसीमसाठी मिळणारं संवर्धक घ्या. गुळाचं थंड पाणी शिंपडून बियाला चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. महिन्याभराने एक रोप मुळासकट उपटून गाठ फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर काम चालू आहे. युरिया टाकू नका, त्याने गाठी कमी बसतात आणि गवत मात्र माजतं. पेरणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत आणि चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट एवढंच पुरेसं आहे.

लाल किंवा जांभळट पानांच्या जाती बियांपासून तशाच्या तशा येतील याची खात्री नसते. त्या जमिनीलगत धावणाऱ्या फांद्यांपासून वाढवा. पेरापेरावर मुळं फुटलेले तुकडे १५ सेंटिमीटरवर लावा. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा द्या. दाट सावलीत पानं हिरवी पडतात आणि मग जास्त पैसे मोजलेला गिऱ्हाईक नाराज होतो.

पहिले सहा आठवडे हाताने खुरपणी करावीच लागते. आंबुशीची पानंही तिपानी असल्याने नवखा माळी ती राखतो आणि क्लोव्हर उपटतो. आंबुशीचं पान बदामी आकाराचं, चवीला आंबट. क्लोव्हरच्या पानावर बहुधा फिकट पांढरट चंद्रकोर असते. पिवळे दोरे दिसले तर ती अमरवेल, तेवढा भाग रोपांसकट काढून जाळा. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारा. बुंध्याशी पांढरी बुरशी आली की पाणी कमी करा आणि रोगट रोपं मातीसकट काढून टाका.

फुलांवर मधमाश्या येतात. बागेसाठी ते उत्तमच, पण मुलं अनवाणी खेळतात त्या जागी कळ्या दिसताच ५-६ सेंटिमीटरवर कापणी करा. रोजच्या वहिवाटीच्या वाटेवर क्लोव्हर लावू नका, तिथे फरशाच बऱ्या.

बारमाही हिरवळ हवी असेल तर पिवळ्या फुलांचा शोभेचा भुईमूग, म्हणजे पिंटो पीनट लावा. मार्चअखेर क्लोव्हर जमिनीलगत कापून मुळं आत कुजू द्या आणि पाऊस नीट सुरू झाल्यावर जूनमध्ये त्याच वाफ्यात पिंटोचे तीन-चार पेरांचे तुकडे २० सेंटिमीटरवर लावा. पिंटो पाऊस आणि अर्धी सावली दोन्ही सोसतो. वेडेलिया (पिवळ्या फुलांचा, जमिनीवर पसरणारा वेल) स्वस्त आणि झटपट पसरतो म्हणून सुचवला जातो. येऊरच्या जंगलाला किंवा खाडीला लागून असलेल्या सोसायट्यांनी तो मुळीच लावू नये, त्याचा छाटलेला तुकडाही बाहेर पडला की मुळं धरतो. आधीच लावलेला असेल तर काढताना फांद्या कुंपणापलीकडे न टाकता उन्हात पूर्ण वाळवा.