वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर समुपदेशक म्हणून रुजू होताना

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून ट्रकचालकांच्या आरोग्य प्रकल्पात लागणार असाल, तर फ्लिपचार्ट पिशवीतच राहू द्या. मी पहिल्याच दिवशी तो उघडून एड्सवर बोलायला लागले. दहा मिनिटांत समोर फक्त चहावाल्याचा पोरगा उरला.

गाडी खाली झाल्यापासून पुढचा माल मिळेपर्यंतच चालक मोकळा. आंघोळ, झोप, घरचा फोन सगळं त्यातच. कंबरदुखीपासून बोलायला घ्या, लघवीची आग मागून येतेच. तीही ‘गरमी’ या नावाने. इंजिनाशेजारी बसून अंगात उष्णता साठते आणि बाईकडे गेलं की निघते, हे मी कितीदा तरी ऐकलंय. हसू नका. सिफिलिसलाही जुनी माणसं गरमीच म्हणतात, म्हणून चट्टा दिसला तरी ताक पिऊन गाडी पुढे निघते. ती जखम सहसा दुखत नाही, आपोआप भरते. रोग मात्र अंगात राहतो.

साताऱ्याकडच्या एका काकांना मी क्लीनरसमोरच विचारलं, ‘एचआयव्हीची तपासणी केलीय का?’ क्लीनर त्यांच्याच गावचा. काका उठले ते पुन्हा आलेच नाहीत. तपासणीआधी संमती आणि गोपनीयता २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आहे. टर्मिनलवर त्याचा अर्थ, आधी क्लीनरला चहाला पाठवायचं.

एचआयव्हीची तपासणी अर्ध्या तासात होते, खरी पंचाईत पुढे. अलीकडेच जोखीम, म्हणजे निरोधाशिवाय संबंध, झालेल्याला निगेटिव्ह आल्यावरही तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं, आणि तेव्हा तो कांडल्याला असतो नाहीतर कोइमतूरला. म्हणून मी आधी रूट विचारते, वाटेवरचं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीचं सरकारी केंद्र, कागदावर लिहून देते, १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत नंबर त्याच्याच मोबाइलमध्ये सेव्ह करून घेते. जोखमीला ७२ तास झाले नसतील तर गप्पा बंद, थेट सरकारी रुग्णालय; पीईपीच्या, म्हणजे जोखमीनंतर एचआयव्हीची लागण टाळण्याच्या, गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या. निरोध डॅशबोर्डवर ठेवू नका हेही सांगा, उन्हाने रबर खराब होतं. तेल लावलं तर फाटतंच.

सगळ्यात वेळ जातो तो घरच्या बाईपाशी. गुप्तरोगात जोडीदाराचेही उपचार झाले नाहीत, तर पुढच्या सुट्टीत तोच आजार परत. एकाने गाडी सुरू करून, काच खाली घेत विचारलं, ‘ताई, बायकोला काय सांगू?’ मी म्हटलं, ‘दादा, आधी इंजिन बंद करा.’