लाटेकमध्ये दोन वक्रांखालचं सामाईक क्षेत्र कसं रंगवावं

दोन वक्रांखालची क्षेत्रं जिथे एकमेकांवर चढतात, तो भाग दाखवायला बहुतेकजण दोन्ही रंग अर्धपारदर्शक करतात. मग निळ्या-पिवळ्याचा मळकट हिरवा होतो, कृष्णधवल छपाईत तिन्ही भाग सारखे दिसतात आणि लेजेंडमध्ये, म्हणजे आलेखातल्या रंगांच्या यादीत, त्या भागाला नावही देता येत नाही. म्हणून सामाईक भागाला स्वतंत्र तिसरं क्षेत्रच करावं, असा माझा आग्रह आहे.

यामागचं गणित सोपं आहे. वक्र शून्याच्या वर असतील, तर प्रत्येक ठिकाणी जो खाली, त्याच्या खालचं तेवढं सामाईक. म्हणजे दोन्हींतलं किमान मूल्य, आणि ते काढायला पीजीएफप्लॉट्समध्ये, म्हणजे लाटेक या टाइपसेटिंग प्रणालीच्या आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये, 'मिन' हे फंक्शन आहेच.

आधी 'डिक्लेअर फंक्शन' वापरून दोन्ही सूत्रांना नावं द्या. समजा, प्रमाण विचलन 1 असलेले दोन घंटाकृती वक्र आहेत, मध्य 0 आणि 2. डोमेन, म्हणजे आडव्या अक्षावरचा टप्पा, -4 ते 6 ठेवा आणि 'अ‍ॅक्सिस ऑन टॉप' लावा, म्हणजे अक्ष रंगाखाली जात नाहीत.

आता दोन्ही क्षेत्रं फिक्या रंगात, 'ड्रॉ' (कडेची रेघ) बंद ठेवून भरा. प्रत्येक 'अ‍ॅडप्लॉट'च्या (वक्र काढायच्या आज्ञेच्या) शेवटी, अर्धविरामाच्या आधी 'क्लोज्डसायकल' हवंच; ते वक्राची टोकं अक्षापर्यंत आणून क्षेत्र बंद करतं. घंटाकृती वक्राची टोकं शून्याला टेकलेली असतात, त्यामुळे ते विसरलं तरी कळत नाही. चढत्या वक्रात मात्र रंग तिरप्या रेघेवर कापला जातो. दुसरं क्षेत्र पहिल्याचा काही भाग झाकेल, झाकू द्या. झाकला जातो तो सामाईक भागच, आणि त्यावर 'मिन'चं तिसरं क्षेत्र गडद रंगात येणार आहे. पारदर्शकता लागतच नाही. तिन्हींना 'एरिया लेजेंड' द्या, म्हणजे लेजेंडमध्ये रेघेऐवजी रंगाचा चौकोन येतो. वक्रांच्या रेघा सगळ्यात शेवटी काढा, नाहीतर रंग त्यांच्यावर चढतो.

खरी गफलत होते 'सॅम्पल्स'मध्ये, म्हणजे वक्र किती बिंदूंवर मोजायचा त्या आकड्यात. आपले वक्र 1 वर छेदतात, तिथली उंची सुमारे 0.242. सॅम्पल्स 40 ठेवले तर एकही बिंदू नेमका 1 वर पडत नाही आणि टोक 0.211 च्या आसपास सपाट कापलं जातं. 41 ठेवले की अंतर बरोबर 0.25 होतं आणि टोक जागेवर येतं. छेदनबिंदू असा सोयीचा नसेल तर सॅम्पल्स दोनशेच्या पुढे न्या.

दोन वक्रांच्या मधली पट्टी रंगवायची असेल, तर गोष्ट वेगळी. त्यासाठी 'फिलबिट्वीन' लायब्ररी घ्या, दोन्ही वक्रांना 'नेम पाथ'ने नाव द्या आणि ठरावीक टप्पाच हवा असेल तर 'सॉफ्ट क्लिप'मध्ये डोमेन लिहा.