पुठ्ठ्याचे वास्तू-मॉडेल करताना या चुका टाळा

इमारतीचे मॉडेल वाकडे झाले की दोष हाताला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पुठ्ठ्याची जाडी हिशेबात धरलेली नसते किंवा पुठ्ठ्याने ओल ओढलेली असते.

बाहेरून ४ बाय ३ मीटरची खोली १:१०० प्रमाणात ४० बाय ३० मिलिमीटरची होते. २ मिलिमीटर जाडीच्या माउंट बोर्डातून चारही भिंती याच मापाने कापून आखूड भिंती लांब भिंतींच्या मध्ये बसवल्या, तर रुंदी ३० ऐवजी ३४ भरते, म्हणजे खरी इमारत ४० सेंटिमीटरने फुगते आणि वरचा स्लॅब बसत नाही. आखूड भिंती २६ मिलिमीटरच्याच कापाव्यात. कोपऱ्यात पुठ्ठ्याची कड दिसायला नको असेल, तर ४५ अंशांचा छेद द्यावा. मग मात्र सर्व भिंती पूर्ण मापाच्या लागतात.

उतरत्या छपरांची चूक वेगळी असते. नवी मुंबईतील बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेजसारखी घरे करताना विद्यार्थी छपराचे माप थेट प्लॅनवरून, म्हणजे वरून पाहिलेल्या सपाट नकाशावरून घेतात. प्लॅनमध्ये ३ मीटर दिसणारा उतार दीड मीटर चढत असेल, तर त्याची खरी लांबी सुमारे ३.३५ मीटर असते. १:५० प्रमाणात ६० नव्हे, ६७ मिलिमीटर.

ठाण्याच्या खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर पुठ्ठा आधीच दमट असतो. त्यावर एकाच बाजूने पातळ फेविकॉल फासून कागद चिकटवला, की ओला कागद आधी ताणतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढून त्याची कमान करतो. उपाय म्हणजे तसाच कागद, ग्रेनची (कागदातल्या तंतूंची) दिशा तीच ठेवून, मागेही चिकटवावा आणि रात्रभर सपाट वजनाखाली ठेवावा. वजनाला फरशीचा तुकडा उत्तम. ग्रेन ओळखण्यासाठी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने घडी सहज पडते, तिला समांतर ग्रेन असतो. ग्रेनला आडवी घातलेली घडी फाटल्यासारखी दिसते.

कड भुसभुशीत निघत असेल, तर कटरच्या पात्याचे बोथट टोक मोडावे आणि एका दाबात कापण्याऐवजी स्टीलच्या पट्टीलगत तीन-चार हलके हात फिरवावेत. खिडक्या मात्र भिंती जोडण्यापूर्वीच, पुठ्ठा कटिंग मॅटवर सपाट असतानाच कापून घ्याव्यात.