रंगपेन्सिलीचं चित्र रंगवण्याआधीच बिघडतं: या चुका टाळा

भांडी बाजारातून आणलेली, ठोक्यांच्या खुणा असलेली तांब्याची कळशी काढायला घेतली होती. खिडकीतलं ऊन तिच्या पोटावर पडून एक लांबट पांढरा पट्टा चमकत होता. केशरी, विटकरी, चॉकलेटी असे थर चढवत गेले आणि भरात त्या पट्ट्यावरूनही हलका पिवळा हात फिरवला. म्हटलं, शेवटी पांढऱ्या पेन्सिलीने उजळवू. तिसऱ्या दिवशी पांढरी पेन्सिल घासघास घासली, तेव्हा तिथे दुधाळ गुलाबी डाग उमटला. तांब्याचं पार प्लास्टिक झालं.

चूक तिसऱ्या दिवसाची नव्हती, पहिल्या तासाची होती. पोस्टर कलरमध्ये वरून पांढरा रंग लावून निभावता येतं. रंगपेन्सिल पारदर्शक असते; खालचा कोरा कागदच तिचा उजेड. तो एकदा झाकला की पुरता परत मिळत नाही.

पांढरं कुठे, हे आधी ठरवा

चमकणाऱ्या जागांची हद्द शेजारच्याच रंगाच्या पेन्सिलीने, अगदी पुसट आखून घ्या आणि शेवटपर्यंत तिथे हात नेऊ नका. केस, मिशा, पानांच्या शिरा अशा बारीक रेषांसाठी शाई संपलेलं बॉलपेन घ्या. कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावरून दाबून रेषा ओढली की खाली बारीक खाच पडते. वरून पेन्सिल आडवी धरून हलकं रंगवलं तर खाच पांढरीच राहते. मात्र खाच पडली की पडली, ती मिटत नाही. आधी वेगळ्या कपट्यावर हात बसवा.

पांढरं आधीच झाकलं गेलं असेल, तर खोडरबराने घासू नका, रंग आणखी आत बसतो. पुट्टी रबर (कणकेसारखं मऊ, मळता येणारं खोडरबर) मळून टिपल्यासारखं दाबा. तेवढ्याने भागलं नाही तर मास्किंग टेपचा तुकडा हलकेच ठेवा, नको असलेल्या जागेपुरतं वरून बोथट टोकाने घासा आणि टेप सावकाश उचला. बराच रंग टेपला चिकटून येतो. पांढरं जेल पेन शेवटचा उपाय, तेही ठिपक्यापुरतं. त्याने अख्खा पट्टा भरलात की चित्राला व्हाइटनर लावल्यासारखं दिसतं.

मोबाइलच्या फोटोवर आंधळा विश्वास

नाशिकच्या रामकुंडावर भर दुपारी फोटो काढायचा आणि घरी येऊन त्यावरून चित्र काढायचं, हे आपण सगळेच करतो. पण मोबाइल जवळून, वर रोखून धरला की देवळाचं शिखर मागे कलतं आणि पायऱ्या फाकतात. ऊन कडक असेल तर सावल्या काळ्या ठिक्कर येतात. प्रत्यक्षात त्या सावलीत निळं असतं, तपकिरी असतं, शेजारच्या साडीचा उडालेला रंगही असतो. थोडं मागे जाऊन झूम करा. एक फोटो उजेडावर बोट टेकवून, दुसरा सावलीवर टेकवून घ्या. घरी आल्यावर फोटो कृष्णधवल करून बघा. त्यात सगळं सारखंच करडं दिसत असेल, तर रंग कितीही भरा, चित्र सपाटच होणार.

काळाराम मंदिर काढताना काळी पेन्सिल उचलायचा मोह होतो. काळ्या पाषाणाचं देऊळ, मग काळाच रंग, नाही का? तसं केलं की भिंत डांबर ओतल्यासारखी दिसते. गडद निळा, गडद तपकिरी आणि थोडा मरून असे पातळ थर एकावर एक द्या. काळी पेन्सिल अगदी शेवटी, खोल खाचांपुरती.

कागद

झेरॉक्सचा कागद 70–80 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) असतो. तीन-चार थरांनंतर तो गुळगुळीत होतो, पुढचा रंग धरतच नाही आणि आपण उगाच पेन्सिलीला दोष देतो. 200 जीएसएमच्या पुढचा, बारीक दाण्याचा कागद घ्या. वॉटरकलरचा फार खरखरीत कागद नको, रंगात पांढरे ठिपके राहतात. श्रावणात हवा दमट असते, कागद सादळतो. पुठ्ठ्यासकट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. घामाचा हात टेकतो तिथे एक कोरा कागद असू द्या.

कच्चं चित्र त्याच कागदावर साध्या पेन्सिलीने काढू नका. ग्राफाइट पिवळ्यात मिसळलं की हिरवट करडी घाण होते. कच्चं वेगळीकडे पक्कं करा. मग ट्रेसिंग पेपरच्या मागे फिक्या तपकिरी रंगपेन्सिलीने घासून ते चांगल्या कागदावर उतरवा.

रंगांचा तक्ता नसणं

पेन्सिलीच्या दांड्यावरचा रंग आणि कागदावर उतरणारा रंग यांचा भरवसा नाही. ज्या कागदावर चित्र आहे, त्याच्याच पट्टीवर प्रत्येक रंग हलका आणि दाबून लावून बघा. चित्र भिंतीवर लावायचं असेल तर ती पट्टी अर्धी झाकून उन्हाच्या खिडकीत महिना-दोन महिने ठेवा. गुलाबी आणि जांभळे बरेचदा आधी उडतात. माझ्या मते साध्या 72 पेन्सिलींच्या डब्यापेक्षा चांगल्या 24 बऱ्या.

आणखी एक तक्रार नेहमी येते: ‘ताई, गडद भागावर बुरशीसारखं पांढरं आलंय.’ ती बुरशी नसते. ज्यांचा रंग मेणात बांधलेला असतो अशा रंगपेन्सिली दाबून लावल्या की काही दिवसांनी मेण वर येतं. मऊ कापडाने अलगद पुसा. पॉलिक्रोमोससारख्या, तेलात रंग बांधलेल्या पेन्सिलींना हा त्रास होत नाही. यावर एका मुलाने विचारलं होतं, ‘मग द्राक्षांच्या चित्रावर ते राहू द्यायचं का?’

प्रश्न गमतीचा होता, पण त्यात मुद्दा आहे. बागेतून नुकत्याच आलेल्या काळ्या द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका थर असतो. जाणकार घड देठालाच धरतात, कारण बोट लागलं की तो थर निघतो आणि तेवढाच मणी चकाकतो. घडाचं चित्र काढण्याआधी हे नीट बघा. थर आहे तिथे आधी फिका निळा-जांभळा लावून घ्या, गडद रंग त्याच्या कडेने आणा. बोट लागलेल्या एखाद्या मण्यावरच टोकदार पांढरा ठिपका सोडा. सगळ्या मण्यांवर सारखे ठिपके दिले की घड काचेच्या गोट्यांचा होतो.

दुसरी कळशी मी ए५ कागदावर काढली, पट्टा कोरा ठेवून. पहिली अजून कपाटामागे आहे. टेप आणि रबराचे प्रयोग तिच्यावरच चालतात.