कम्प्युटरच्या छोट्या कॅबिनेटसाठी कूलर आणि एसएमपीएस निवडताना: केबलचं वळण आधी मोजा

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या खोक्यावर, एसएमपीएसच्या (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) पानावर जी मापं छापलेली असतात ती त्या त्या वस्तूची असतात. त्यातून निघणाऱ्या केबलची नसतात. छोट्या मशीनची तयारी करताना ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मं काम झालं. मागच्या वेळी माझ्या यादीत नेमकी हीच ओळ नव्हती, आणि सगळे आकडे कागदावर जुळत असूनही बाजूचं झाकण बसेना. आता मावसभावासाठी अकोल्यात तसंच छोटं मशीन जुळवायचं आहे, म्हणून यादी नव्याने लिहितो आहे आणि केबलचं वळण तिच्यात सगळ्यात वर ठेवतो आहे.

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा, १७० बाय १७० मि.मी. त्यात ठरवण्यासारखं फार नाही. रॅम दोन पट्ट्या, साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी एक. प्रोसेसर रायझन ५ ७६०० धरतो, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६०. तुमचं वेगळं असेल तर आकडे तुमचे घाला, पद्धत तीच.

कॅबिनेट सगळ्यात आधी ठरवा. ते ठरल्याशिवाय कूलर किंवा एसएमपीएसची ऑफर कितीही चांगली दिसली तरी हात लावू नका. कॅबिनेटच्या पानावरून हे आकडे वहीत उतरवा: कूलरची कमाल उंची, एसएमपीएसचा प्रकार आणि लांबी, कार्डाची लांबी, जाडी आणि उंची. उंची म्हणजे मदरबोर्डवरच्या कार्डाच्या स्लॉटपासून बाजूच्या झाकणाकडची. ती बहुतेक जण बघतच नाहीत. कॅबिनेटगणिक फरक किती पडतो ते बघा. डॅन ए४-एसएफएक्स हे ७.२ लिटरचं कॅबिनेट, त्यात कूलरला जेमतेम ४८ मि.मी. मिळतात. कूलर मास्टरचं एनआर२०० सव्वाअठरा लिटरचं, त्यात दीडशे मि.मी.च्या पुढचा टॉवर कूलरही उभा राहतो. पहिल्यांदाच जुळवणार असाल तर मोठ्याकडे झुका. सात लिटरच्या डब्यात केबलला वळायला जागा नसते आणि तुम्हाला हात घालायलाही नसते.

आता एसएमपीएस. नेहमीचा एटीएक्स १५० मि.मी. रुंद आणि ८६ मि.मी. उंच असतो, तो इथे विसरा. छोट्या कॅबिनेटला लागतो एसएफएक्स: १२५ मि.मी. रुंद, ६३.५ उंच, १०० लांब. त्याचाच मोठा भाऊ एसएफएक्स-एल, बाकी मापं तीच पण लांबी १३० मि.मी. एल घ्यावासा वाटतो, कारण त्यात १२० मि.मी.चा पंखा बसतो आणि साध्या एसएफएक्समध्ये ९२चा. मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा हलवतो, आवाज कमी करतो, हे खरं. पण कॅबिनेटच्या पानावर 'एसएफएक्स-एल चालेल' असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ १३० मि.मी.चा डबा तिथे मावेल एवढाच. त्या डब्याच्या तोंडातून २४ पिनचा जाडजूड जुडगा, प्रोसेसरची ८ पिनची केबल आणि कार्डाची केबल बाहेर येते. आधी कनेक्टरची लांबी, मग वळण. मी यासाठी ३० ते ४० मि.मी. धरतो. म्हणजे एसएफएक्सला प्रत्यक्षात १४०, एसएफएक्स-एलला १७०. हा आकडा वहीत लिहा, छापलेला नव्हे. समोर कार्डाचं टोक, पंखा किंवा कॅबिनेटची भिंत येत असेल तर एल बाद.

वॅट जास्त हवेत म्हणून एल घ्यावा लागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १०० मि.मी.च्या अंगात ७५० वॅटचे एसएफएक्स मिळतात, कोर्सेअरचा एसएफ७५० त्यातलाच.

घरबसल्या करायची एक गोष्ट: जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा १२५ बाय ६३.५ बाय १०० चा ठोकळा करा, कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या जागी ठेवा आणि जुन्या मशीनची २४ पिनची केबल त्याच्या तोंडाशी धरून वळवून बघा. ही केबल कागदावर वाटते तशी वळत नाही. ती ताठ असते, ढकलली की दुसऱ्या बाजूने फुगते. अर्ध्या तासाचं काम आहे, पण एसएमपीएसची ऑर्डर देण्याआधी करा. नंतर केलं तर त्याचा उपयोग फक्त रिटर्नचा फॉर्म भरायला होतो.

एसएमपीएसच्या दुसऱ्या टोकालाही बघा. बऱ्याच छोट्या कॅबिनेटांत एसएमपीएस पाठीमागे नसतो, समोर किंवा मध्ये असतो, आणि भिंतीतल्या प्लगची वायर आतल्या एका एक्स्टेन्शनने त्याच्यापर्यंत येते. त्या एक्स्टेन्शनचा काटकोनातला प्लगही जागा खातो. तो कोणत्या बाजूला वळतो ते बघून मगच एसएमपीएस उलटा बसवायचा की सुलटा ते ठरवा.

वॅटचा हिशेब सोपा आहे, लोक उगाच घाबरतात. रायझन ५ ७६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं पण त्याची खरी मर्यादा ८८ वॅट. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) छापलेल्या आकड्याला १.३५ ने गुणायचं. इंटेलमध्ये तफावत फार मोठी: कोअर आय५-१३४०० वर ६५ छापलेलं आणि टर्बोला, म्हणजे पूर्ण वेगात पळताना, १४८. कूलर घेताना छापलेला कमी आकडा बघून फसू नका. आरटीएक्स ५०६० चे १४५ वॅट. बाकी बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. बेरीज २८३, म्हणजे तीनशेच्या आत. याला ४५० वॅटचा चांगला एसएफएक्स पुरतो. मी ५५० ते ६५० घेईन, कारण कमी भारावर त्याचा पंखा हळू फिरतो किंवा बंद राहतो, आणि कार्ड क्षणभर अचानक जास्त वीज ओढतं तेव्हा ताण येत नाही. एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा शिक्का असलेला घ्या (हा शिक्का मापाचा नाही, एसएफएक्सवरही असतो), त्यात हे अचानक ओढणं धरलेलं असतं. कार्यक्षमतेचा ८० प्लस गोल्ड शिक्का पुरे. ३०० वॅटच्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता म्हणजे भिंतीतून ३३३ वॅट आले, त्यातले ३३ एसएमपीएसमध्येच उष्णता झाले. छोट्या डब्यात हे ३३ वॅटही कळतात, म्हणून बिनशिक्क्याचा स्वस्त एसएमपीएस इथे नकोच.

कूलरकडे येऊ. इथे मला सगळ्यात जास्त चिडायला होतं, कारण जी परीक्षणं आपण बघतो ती बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. आपला मे महिना तसा नसतो. परीक्षणात बावीस अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर दिसला तर फरक ५३ चा. तो फरक जवळपास तसाच राहतो. अकोल्यात, नागपुरात दुपारी बंद खोलीत ४० असेल तर ४० अधिक ५३, ९३. रायझन ७६०० ची कमाल ९५. म्हणजे यूट्यूबवर 'मस्त थंड चालतो' म्हणून दाखवलेला कूलर विदर्भातल्या खोलीत काठावर उभा असतो. प्रत्येक परीक्षणात खोलीचं तापमान शोधा. ते दिलेलं नसेल तर ते परीक्षण बाजूला ठेवा.

खोलीत डेझर्ट कूलर असेल तर मशीन त्याच्या झोतात ठेवू नका. हवा गार असते पण ओली असते, वर धूळही आणते.

जागा ४८ मि.मी.ची असेल तर पर्याय मोजके. नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम५, ३७ मि.मी. उंच, थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७, ४७ मि.मी. पहिला आजूबाजूच्या रॅमच्या वर येत नाही, कुठेच अडत नाही, पण ६५ वॅटच्या वर्गापुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. दुसरा जास्त उष्णता झेलतो पण ४८ मध्ये ४७ म्हणजे वर फक्त १ मि.मी. उरतो. आणि इथे पुन्हा केबल. प्रोसेसरची ८ पिनची केबल मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या अगदी शेजारी लागते. ती कूलरच्या वरून गेली तर १ मि.मी.त मावणार नाही, आणि झाकण दाबून बसवलं तर पंख्याच्या पात्यांना लागेल. कूलरची उंची कॅबिनेटमध्ये बसते हे पुरेसं नाही. केबल कूलरच्या बाजूने, बोर्डच्या कडेने नेता येते का ते बोर्डचा फोटो समोर ठेवून बघा. नेता येत नसेल तर १० मि.मी. कमी उंचीचा कूलर घ्या आणि प्रोसेसर ईको मोडवर, म्हणजे कमी वॅटच्या मर्यादेवर, चालवा. ६५ वॅटच्या रायझनला ४५ वॅटचा ईको मोड असतो, गेम खेळताना फरक फारसा जाणवत नाही, तापमान मात्र चांगलं उतरतं.

सॉकेट तपासा. एएम५ चं बॅकप्लेट (कूलरचे स्क्रू धरणारी बोर्डमागची पट्टी) काढता येत नाही, त्यामुळे स्वतःचं बॅकप्लेट घेऊन येणारे जुने एएम४ कूलर त्यावर बसत नाहीत. इंटेलच्या एलजीए१७०० ची भोकं ७८ मि.मी.वर आहेत, आधीच्या सॉकेटची ७५ वर. जुना कूलर वापरायचा असेल तर नवा किट मागवा.

चपटा कूलर हवा वरून खाली ढकलतो, म्हणजे ती बाजूच्या झाकणाच्या जाळीतून आत यायला हवी. पंखा आणि जाळी यात मोठी फट राहिली तर तो आतलीच गरम हवा पुन्हा ओढतो. फट जास्त असेल तर फोमच्या पट्टीची चौकट लावा. स्वस्त आहे आणि खरंच काही अंश कमी होतात. जाळी पंख्याला अगदी चिकटली तर शिट्टीसारखा आवाज येतो, तेव्हा चार-पाच मि.मी. तरी सोडा.

वॉटर कूलिंगचं थोडक्यात: २७ मि.मी.चा रेडिएटर आणि २५ मि.मी.चा पंखा मिळून ५२. वर दोन नळ्या, त्यांचंही वळण. पंप सगळ्यात उंच जागी येऊ देऊ नका, हवा त्यात अडकते. मी यावेळी घेत नाही.

कार्डाच्या केबलसाठी वेगळा परिच्छेद लिहितो आहे, कारण झाकण बहुतेक वेळा इथेच अडतं. कार्डाचा कनेक्टर वरच्या कडेला असतो, म्हणजे झाकणाकडे तोंड करून. कार्ड १२० मि.मी. उंच आणि कॅबिनेटमध्ये जागा १३५ असेल तर आकडे म्हणतात बसेल. कार्ड बसेल, केबल नाही. ८ पिनच्या कनेक्टरला वळणासकट ३० मि.मी.च्या आसपास लागतात. १६ पिनचा नवा कनेक्टर असेल, आरटीएक्स ५०७० वर असतो तसा, तर कनेक्टरपासून पहिले ३५ मि.मी. केबल सरळ ठेवायची असा सर्वसाधारण सल्ला आहे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या वितळलेल्या कनेक्टरचे फोटो बाहेर आले, त्यात कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे एक मोठं कारण निघालं, आणि वाकवलेली केबल कनेक्टरला बाहेरच ओढत असते. हा नुसता झाकण बसण्याचा प्रश्न नाही, जळण्याचा आहे. कार्ड निवडताना त्याच्या उंचीत ३० ते ३५ मिळवा आणि मग कॅबिनेटशी ताडून बघा. ज्या कार्डाचा कनेक्टर खाचेत आत बसवलेला आहे ते दोन हजारांनी महाग असलं तरी घ्या.

विजेचं. मशीन महावितरणच्या भरवशावर नुसतं लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. तीनशेचं मशीन आणि मॉनिटर त्यावर काठावर येतात, ११०० घ्या. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल तर प्युअर साइन वेव्हचाच, स्क्वेअर वेव्हवर आजचे एसएमपीएस कुरकुर करतात आणि कधी बंदही पडतात. त्यावरचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर वीज जाता क्षणी मशीन रीस्टार्ट होतं. अर्थिंग तपासून घ्या, विशेषतः जुन्या घरात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मशीन बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

खरेदी: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडलासुद्धा एसएफएक्स प्रत्येक दुकानात तयार असेल असं धरू नका, आधी फोन करा. पुठ्ठ्याचा ठोकळा झाला का? नसेल तर फोनही करू नका.

जोडणी: एसएमपीएस बसवण्याआधी प्रोसेसरची ८ पिनची केबल लावा, नंतर बोटं जात नाहीत. झाकण लावण्याआधी पंखे हाताने फिरवा, केबल लागते का ऐका. झाकण दाबावं लागत असेल तर उघडा आणि केबल पुन्हा वळवा, स्क्रूने ओढून बसवू नका. रायझर (कार्ड आणि बोर्डचा स्लॉट यांना जोडणारी पट्टीसारखी केबल) असेल आणि चित्र येत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, कार्डाचा स्लॉट जेन ३ या कमी वेगावर आणून बघा. ईको मोड, पंख्यांचा वेग, मग दुपारी तीन वाजता एक तासभर गेम. रात्रीच्या गारव्यात घेतलेली चाचणी धरू नका.

उरलेल्या मॉड्युलर केबल (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) एका पिशवीत, त्यावर एसएमपीएसचं नाव. त्या दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी जाते.