पीएम किसानची लिंक आली? थांबा जरा

सोयाबीन मोंढ्यात गेलं अन् खात्यात पैसे आले की हे फसवणारे फोनवाले बरोबर जागे होतात, यांना कसं कळतं देव जाणे. व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली, मग ती गावच्या ग्रुपवर आपल्याच भावकीतल्या माणसानं टाकलेली का असंना, उघडायची नाही, बऱ्याचदा त्याचाच फोन हॅक झालेला असतो अन् ती फाईल तुमचे ओटीपी परस्पर तिकडं पाठवती. केवायसी करायची तर सीएससी सेंटरवर जाऊन अंगठा द्या, विषय संपला.

दुसरं, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आमच्या चुलत्यानं म्हैस विकायला टाकली तर समोरच्यानं ॲडव्हान्ससाठी म्हणून क्यूआर पाठवला, तो स्कॅन करून पिन टाकला असता तर पैसे गेलेच असते, नशीब लेकरू शेजारी बसलेलं होतं.

अन् गेलेच पैसे तर लाजून गप बसू नका, चावडीवर चर्चा नंतर करा, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा अन् बँकेला सांगून खात्यातले व्यवहार थांबवा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच अडवता येण्याचा चान्स जास्त. मेसेज, ट्रान्झॅक्शन नंबर काहीच डिलीट करू नका, पोलिसांना तेच लागतं.